पुकाऱ्यातला खडा

निंबाळकर साहेबांनी हॉलमधले सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "आता जोड्या पाडा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिक करायची. जुन्या पद्धतीनं. पुकारा!"

हॉलभर कुरकुर झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर अशा चार जिल्ह्यांतली वीजबिलं तपासणारी आम्ही माणसं, कराडच्या बाहेर एका प्रशिक्षण केंद्रात तीन दिवसांसाठी कोंडलेली. विषय होता अपारंपरिक ऊर्जेचे दर. लोकांनी नुकतीच छपरांवर सोलर बसवायला सुरुवात केली होती आणि त्यांची बिलं कशी तपासायची हे आमच्यापैकी कुणालाच धड कळत नव्हतं. दोन दिवस पडद्यावर तक्ते बघून डोळे तारवटले होते. त्यात हा पुकारा म्हणजे, पोहता येईना त्याला विहिरीत ढकलण्यातला प्रकार होता.

"साहेब, पुकारा बंद होऊन जमाना झाला की," सांगलीचे गवळी म्हणाले. "कॉम्प्युटर कुठं चुकतोय?"

"चुकतोय म्हणून तर बोलावलंय तुम्हाला. सोलरवाला आपल्याकडून वीज घेतो आणि आपल्याला वीज देतोसुद्धा. घ्यायचा दर एक, द्यायचा दुसरा. जिथं वजा करायचं तिथं मिळवलं, तर मशीनला त्याचं काय सुखदुःख? माणसाच्या कानाला खटकतं. चला, बसा जोडीनं."

मी मान वळवली. हत्तुरे आधीच माझ्याकडे बघत होते. दोन टेबलं सोडून बसले होते आणि पेन्सिलीला टोक काढत होते.

"या की मॅडम," ते म्हणाले. "तुमचीच वाट बघलालोय."

चिदानंद हत्तुरे आणि मी, महानंदा कलशेट्टी. सोलापूरच्या ऑफिसात आमची जोडी नावाजलेली होती. कॉम्प्युटर यायच्या आधी सगळी बिलं अशीच तपासली जायची. मी वाचायची, ते टिक करायचे. सकाळी बसलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा आवाज आणि त्यांची पेन्सिल, दुसरं काही नाही. मी मुळात तोंडाळ बाई. ऑफिसात माझ्या वाटेला सहसा कुणी जायचं नाही. हत्तुऱ्यांसमोर मात्र मी नुसते आकडे बोलायची, आणि त्यातच माझं पोट भरायचं.

मग कॉम्प्युटर आले आणि जोड्या मोडल्या. ते वरच्या मजल्यावर गेले, मी खाली राहिले. मधे फक्त एक जिना, पण वर जायला हातात काहीतरी कागद असावा लागे. मी कागद शोधायची. एकच शंका घेऊन आठवड्यातून दोनदा गेले तेव्हा शिपाई बनसोडे म्हणाला, "मॅडम, गुडघं दुखत न्हाईत का तुमचं?" त्यानंतर महिनाभर मी वर गेले नाही.

पुकाऱ्यात आमची एक रीत होती, खडा टाकायची. वाचणाऱ्याने मधेच एखादा आकडा मुद्दाम खोटा बोलायचा. समोरचा जागा असेल तर तो लगेच म्हणणार, "खडा!" झोपेत टिक केली, तर संध्याकाळी सगळ्या टेबलाला त्याची भजी. ऑफिसातल्या प्रत्येकाने कधी ना कधी भजी चारली होती. हत्तुऱ्यांनी कधीच नाही. मी किती सफाईने खोटं बोलले तरी त्यांची पेन्सिल बरोबर त्याच आकड्यावर थांबायची.

कराडला यायच्या आधीपासून एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मुंबईच्या मुख्यालयात सोलर बिलांसाठी नवा विभाग निघणार होता आणि आमच्या चार जिल्ह्यांतून एक माणूस तिथे घेणार होते. बढती, क्वार्टर, सगळं. माणूस निंबाळकर साहेब निवडणार होते. पहिल्याच दिवशी हत्तुऱ्यांनी तक्त्यातली चूक दाखवली आणि साहेबांची नजर त्यांच्यावर बसली. दुसऱ्या दिवशी जेवताना साहेब त्यांच्या शेजारी येऊन बसले. मी समोरच्या रांगेत भाकरी चावत होते आणि त्या दोघांकडे बघत होते.

मला ते जायला नको होते. सरळ सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होते, लग्न झालं नव्हतं, घरी म्हातारी आई. साखरेने तिचे डोळे गेले होते. गिरणीच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्या तिला हाताने पाठ होत्या. भिंतीला हात लावून ती चुलीपर्यंत जायची, मोरीपर्यंत जायची, दारात येऊन शेजारणींशी भांडायचीसुद्धा. एकदा भावाने तिला पुण्याला नेलं. तिथल्या भिंती तिला ओळखू येईनात. ती एका कोपऱ्यात बसून राहिली, जेवेना, बोलेना. शेवटी मी जाऊन तिला परत आणलं. त्यानंतर सोलापूर सोडायची गोष्ट माझ्यापुरती संपली होती.

हत्तुऱ्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, शिवलीला. तिला कापडाची डिझाइनं शिकायची होती आणि परीक्षा देऊन मुंबईच्या एका चांगल्या कॉलेजात तिचा नंबरही लागला होता. पण हॉस्टेल मिळालं नव्हतं आणि एकट्या पोरीला मुंबईत ठेवायला तिची आजी तयार नव्हती. आम्ही कराडला निघालो तेव्हा शिवलीला स्टँडवर बापाचा डबा घेऊन आली होती. बापाची पाठ वळल्यावर तिने माझा हात धरला.

"मावशी, मुंबईचं विचारलं तर पप्पांना हो म्हणायला लावा की. ते गेले तरच मला जाता येतंय. नाहीतर आजी इथंच बी.कॉम.ला घालणार."

"मी कोण गं सांगणारी?"

"तुमचंच ऐकतात ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे जरा निरखून बघत तिने विचारलं, "ठाऊक नाही का तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वाटायचं, पण वाटणं आणि ठाऊक असणं यात पुष्कळ अंतर असतं. हत्तुरे कधी एक शब्द बोलले नव्हते. मीही नाही. कराडच्या त्या तीन दिवसांत ते बोलतील, या आशेवर मी दोन नव्या साड्या नेल्या होत्या. ते दिवसभर दर समजून घेण्यात गुंग. साडीकडे फक्त गवळ्यांचं लक्ष गेलं.

आणि आता तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो होतो.

"सुरू करा," हत्तुरे म्हणाले आणि त्यांनी डोळे कागदावर टेकवले.

"घेतलेली युनिटं दोनशे चौदा," मी वाचलं.

टिक.

"दिलेली एकशे नव्वद. मागची शिल्लक एकतीस."

टिक. टिक.

दोन-तीन बिलांतच जुनी लय आली. आजूबाजूच्या जोड्या अडखळत होत्या, एकमेकांवर ओरडत होत्या. गवळ्यांचा जोडीदार तर वाचता वाचता स्वतःच टिक करत होता. आमचं टेबल शांत होतं. माझा आवाज आणि त्यांची पेन्सिल. मी त्यांच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत होते. कानामागचे केस पांढरे झाले होते. केव्हा झाले, मला कळलंच नव्हतं. मी खालच्या मजल्यावर होते ना.

पावलं वाजली. निंबाळकर साहेब आमच्या मागे येऊन उभे राहिले. आणि माझ्या मनात आलं, हा माणूस आज एकदा चुकावा. एकदाच. माझ्या आवाजात एवढा हरवावा की आकडा त्याला ऐकूच येऊ नये. मग साहेब पुढच्या टेबलाकडे जातील, मुंबईला दुसरं कुणी जाईल, आणि मला कळेल की ही पेन्सिल माझ्यासाठी एकदा तरी चुकली.

"मागची शिल्लक सत्तेचाळीस," मी म्हणाले. कागदावर चौऱ्याहत्तर होते.

पेन्सिल थांबली. हत्तुऱ्यांनी वर न बघता म्हटलं, "खडा."

"खडा? काय खडा?" साहेबांनी विचारलं. हत्तुऱ्यांनी त्यांना आमची रीत समजावली. साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी सगळ्या हॉलला हाक मारून ती सांगितली. "बघा, याला म्हणतात तपासनीस. बाई एवढ्या झरझर वाचतायत आणि हा गडी एका आकड्याला हालत नाही. हत्तुरे, समारोपाच्या आधी मला उत्तर पाहिजे. हो म्हणा आणि मोकळे व्हा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढचं बिल घेतलं. मनात म्हटलं, घे, बरी जिरली तुझी. त्यांना आकडाच ऐकू येतो. आजवर आकडाच ऐकू येत होता.

चहाची सुट्टी झाली तशी मी पेला घेऊन मागच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. मे महिना सरत आला होता. समोर पाटणच्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या. काही फिरत होत्या, काही नुसत्याच उभ्या. थोड्या वेळाने हत्तुरे आले. त्यांच्या एका हातात पेला आणि दुसऱ्यात दोन बिस्किटं होती, त्यातलं एक त्यांनी मला दिलं.

"रागावलाव काय मॅडम?"

"मी कशाला रागावू? भजी वाचली तुमची."

"तसं न्हाई. तोंड उतरलंय तुमचं."

"उन्हानं," मी म्हणाले. मग राहवलं नाही, विचारलं. "एक सांगा. एवढ्या वर्षांत एकदाही कसे चुकला नाहीत हो? झोप येते, डोकं दुखतं, घरात काय काय होतं. बायको गेली त्या महिन्यातसुद्धा तुम्ही चुकला नाहीत. आकड्यांत एवढं काय दिसतं तुम्हाला?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून पडलं. ते पेल्यातच बघत राहिले.

"आकडे कोण ऐकतंय मॅडम?"

"म्हणजे?"

"मला आकडे कधीच नीट ऐकू आले न्हाईत. टिक हात करतोय. मी तुमचा आवाज ऐकतोय. खोटं बोलायच्या आधी तुम्ही जरा थांबता. एवढंसं. कुणाला कळणार न्हाई. श्वास घेता आणि मग बोलता. तिथं मला कळतंय, आता काहीतरी खोटं येणार." ते जरा हसले. "बायको गेली त्या महिन्यात तर मी दुसरं कायच ऐकत नव्हतो."

मी हातातला पेला कठड्यावर ठेवला. एवढी वर्षं मी त्यांची खाली घातलेली मान बघत होते आणि ते माझा श्वास ऐकत होते. मला हसू यायला लागलं आणि रडूही. मी ती दोन्ही गिळली.

"साहेबांना उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "मला काय मुंबईचं वेड न्हाई. इथं बरं चाललंय. तुमच्या आईंना भिंती बदलून चालत न्हाईत, ते मला माहीत आहे. मला चालतात. माझं काय, मी कुठंही राहतो. चाळीतसुद्धा." एवढं बोलून त्यांना घाम आला. रुमालाने त्यांनी मान पुसली. "तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणलाव तर न्हाई जात मी."

ज्यासाठी मी दोन साड्या आणल्या होत्या, ते हे. त्याहून जास्तच. आमच्या त्या दोन खोल्यांत, आईच्या भिंतींमधे, हा माणूस यायला तयार होता. 'नका जाऊ' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हणता आलं असतं.

"आणि शिवलीला?" मी विचारलं.

"ती करंल की बी.कॉम.," ते म्हणाले. "सगळ्यांच्याच पोरी काय मुंबईला जात न्हाईत."

स्टँडवर तिने माझा हात कसा धरला होता ते मला आठवलं. बोटांना रंग लागलेला होता, नखांतून निघालेला नव्हता. आज ना उद्या ती आमच्या दारात आली असती, मला मावशीऐवजी आई म्हणाली असती कदाचित, आणि दर वेळी तिच्या बोटांकडे बघायचं मला धाडस झालं नसतं. मला हत्तुरे हवे होते. फार हवे होते. पण तिचं जे काही होतं ते देऊन नको होते.

"जावा की," मी म्हणाले. "माझं काय अडतंय? तुम्ही वर असलाव काय आणि मुंबईत असलाव काय, मला सारखंच."

ते तसेच माझ्याकडे बघत राहिले. पुकाऱ्यात ते कधी वर बघायचे नाहीत, त्यामुळे ते असे बघू लागले की कुठे पाहायचं ते मला कळेना.

"खडा," ते हळूच म्हणाले.

मी मान डोलावली. खोटं बोलून काही उपयोग नव्हता, एवढं तर आता कळलं होतं.

"हो, खडा आहे," मी म्हणाले. "असू द्या. टिक करा."

आतून कुणीतरी हाक मारली, समारोप सुरू होतोय म्हणून. ते तरी हलले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा."

"चिदानंद," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना नावाने हाक मारली. "पोरीला तिथं काय खायला मिळणार, कुठं राहणार, तिचं सगळं बघा. आजीला सांगा मी म्हणाले म्हणून. टिक करा आणि आत जा."

ते गेले. मी कठड्यावरचा गार झालेला चहा सगळा प्यायले. आत गेले तेव्हा साहेब त्यांच्या गळ्यात हार घालत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. इतरांच्या थांबल्यावरही माझ्या चालूच होत्या, तेव्हा गवळी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमला फारच आनंद झालेला दिसतोय."

"झालाय," मी म्हणाले. "आमच्या ऑफिसचा माणूस आहे."

जूनमध्ये ते दोघं गेले. शिवलीला जायच्या आधी घरी येऊन आईच्या पाया पडली, मला मिठी मारून रडली आणि माझ्या खांद्यावर निळ्या रंगाचा डाग सोडून गेली. ती चार वर्षं शिकली, चांगली शिकली. दिवाळीला बापलेक सोलापूरला यायचे. ऑफिसात हत्तुरे वरच्या मजल्यावर सगळ्यांना भेटायचे, मग जिना उतरून खाली यायचे. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून मुंबईच्या पावभाजीला नावं ठेवायचे. तेवढ्यात चहा संपायचा.

तिसऱ्या वर्षी आई गेली. झोपेतच गेली, भिंतीवर हात टेकलेला. निरोप मी भावाकडे पोचवला, मुंबईला नाही. तरी दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी हत्तुरे दारात उभे. रात्रीच्या गाडीने परत जायचं होतं, शिवलीलाची परीक्षा होती.

मी त्यांना खाटेवर बसायला सांगितलं. ते आईबद्दल बोलले, मी ऑफिसबद्दल. आता मला सोलापूर सोडायला कुणाची आडकाठी नव्हती. भिंती माझ्या एकटीच्या होत्या आणि मला त्यांचं काही नव्हतं. हे त्यांनाही दिसत असणार. पण आमच्या कामात, एकदा टिक झालेल्या आकड्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. तो पक्का झालेला असतो. त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी इतकी कान देऊन बसले होते की चुलीवरचं दूध उतू गेलं.

मलाही बोलता आलं असतं. तोंडाळ बाई मी, शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाही ऐकवणारी. पण ज्या पोरीसाठी मी त्यांना पाठवलं होतं, तिचं शिक्षण अजून संपलं नव्हतं, आणि अर्ध्या वाटेवर तिच्या बापाला 'आता माझ्याकडे या' म्हणायला माझी जीभ वळेना.

"येतो मग," ते उठत म्हणाले. "जेवत जावा वेळेवर."

"जेवते."

दाराशी जाऊन त्यांनी एक पाय चपलेत घातला. बाहेर रिक्षावाला इंजिन चालू ठेवून थांबला होता.

"अजून बसा की थोडं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रिक्षावाल्याला हाताने जा म्हणून खूण केली, चप्पल काढली आणि ते आत आले.

ते किती वेळ बसले, आम्ही काय बोललो, मला काही आठवत नाही. बहुतेक काही बोललोच नसू. मी दिवा लावला, दूध पुसून काढलं, उरलेल्याचा चहा केला. गाडीची वेळ झाल्यावर ते गेलेच. त्यानंतर ते माझ्या घरी आले नाहीत. पुढे शिवलीलाला मुंबईतच नोकरी लागली, तिचं लग्न तिथेच झालं, नातवंडं झाली, आणि हत्तुरेही तिथलेच झाले. फोन येतो दिवाळीला. पण आयुष्यात एकदा मी त्यांना थांबा म्हणाले आणि ते थांबले. तेवढं माझ्याजवळ आहे.